उगाच जोखीम कशाला

मास्टरबाई म्हटलं की ऐकणाऱ्याला शाळेतल्या बाई वाटायच्या. त्या शाळेतल्या नव्हत्या, शाळेच्या गणवेशातल्या होत्या. रंगाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर गणवेश शिवायचा एक कारखाना होता, आणि तिथं कापड कापायचं काम, म्हणजे कटिंग मास्टरचं काम, त्या करायच्या. त्या धंद्यात कटिंग मास्टर म्हणजे पुरुष असं सगळे धरूनच चालत. सुरुवातीला लोक त्यांना नुसतं 'मास्टर' म्हणायचे. मग ते कुणाच्या तरी कानाला खटकलं आणि मागे 'बाई' चिकटलं.

हॉलच्या मधोमध त्यांचं टेबल होतं, अठरा पावलं लांब. त्यावर कापडाचे साठ-साठ थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे फर्मे मांडायचे, खडूनं आखायचं आणि मग उभ्या पात्याचं विजेचं यंत्र सावकाश त्या रेघेवरून न्यायचं. डाव्या हातात लोखंडी जाळीचा हातमोजा. एक रेघ चुकली तर एक शर्ट जात नाही, साठ जातात. बाईंची रेघ चुकत नसे. दोन बाह्यांच्या मध्ये कॉलर, कॉलरच्या कुशीत खिसा, असे फर्मे त्या बसवायच्या. खाली उरलेल्या चिंध्या बघून मालक म्हणायचे, "यात उंदराची टोपीसुद्धा व्हायची नाही."

या सुबकपणाला एकच गालबोट होतं. बाईंचा हात थरथरायचा. फार नाही, कप बशीत ठेवताना किणकिण व्हायची, तेवढंच. कापताना त्या मनगट टेबलाला टेकवायच्या, श्वास धरायच्या आणि वळण पार झालं की सोडायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, रक्त कमी आहे. पाणी फार प्यायच्या, त्यालाही कारण रक्तच. आणि दर तीन महिन्यांनी एक दिवस रजा घ्यायच्या, ती आत्याला भेटायला.

ही आत्या दीड तासाच्या अंतरावर दुसऱ्या गावात राहायची आणि तिला जगातले सगळे आजार होते. कधी गुडघे, कधी मोतीबिंदू, एकदा तर नागीण. कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, "बाई, तुमची आत्या म्हणजे कमालच आहे. आजार बदलते, पण तारीख बदलत नाही." बाईही हसायच्या. हसता हसता पुढच्या वेळी कुठला आजार सांगायचा ते मनात ठरवून ठेवायच्या.

खरी गोष्ट अशी होती की आत्या नव्हतीच. होती ती मिस्टरांची आत्या, आणि ती केव्हाच वारली होती. मिस्टरांनीच तिला पुन्हा जिवंत केलं होतं.

त्याचं झालं असं. बाई एकतीस वर्षांच्या असताना दुसऱ्या एका दुकानात कापायला होत्या. एका आठवड्यात त्यांची झोप उडाली. उडाली म्हणजे गरजच उरली नाही. अंगात चार माणसांचं बळ आलं, बोलणं तोंडाच्या पुढं पळायला लागलं, आणि एका सकाळी त्यांना असं दिसलं की एकही शिवण न घालता अख्खा पोशाख एकाच तुकड्यातून कापता येतो. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही याचं त्यांना हसू येत होतं. दुकान उघडायच्या आधी जाऊन त्यांनी कापडाचे सात तागे कापले. मोठमोठी वळणं, गोल, पाकळ्या. नंतर कित्येक वर्षांनीही त्यांना वाटायचं की दिसायला ते सुंदर होतं. त्यातून रुमालही निघाला नसता.

मग दोन महिने मनाच्या आजाराच्या इस्पितळात. वरचं बळ ओसरलं तसा तळ लागला. कूस बदलायलाही अंगात त्राण नसायचं. मुलगी चार वर्षांची होती. "आई कुठंय?" असं ती रोज विचारायची, तेव्हा मिस्टरांनी सांगितलं, "आत्याकडे गेलीय. आत्या आजारी आहे." मुलीला सांगितलेलंच शेजाऱ्यांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलेलं नातेवाइकांना, आणि बाई घरी आल्या तेव्हा ती आत्या घरात पक्की बसलेली होती.

मिस्टर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून होते. मऊ माणूस. पहिली दोन वर्षं गोळी आणि पाण्याचा पेला दोन्ही स्वतः हातात आणून द्यायचे. पण भित्रेही तितकेच. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणायचे. "लोकांना काय, चघळायला विषय मिळतो. उद्या पोरीचं लग्न ठरवायची वेळ आली की हेच पुढं आणतील." जुन्या दुकानात सगळं कळलेलं होतंच, ते सुटलं. घर बदललं, आणि बाई या गणवेशाच्या कारखान्यात आल्या. गोळ्या लागू पडल्या. त्या गोळ्यांनी हात थरथरतो, तहान लागते, आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. एवढं सोडलं तर बाई चारचौघींसारख्या जगत होत्या. आजार कायमचा, पण लगाम घातलेला.

आता काजू.

हॉलच्या खिडकीपाशी काज-बटणाचं यंत्र होतं, आणि काजबटण करणारी म्हणून तिला सगळे काजू म्हणायचे. तिशीची, अंगानं लहानखुरी. लग्न मोडून भावाकडे राहायला आलेली. जीभ अशी की यंत्राच्या टकटकीवरही तिचाच आवाज ऐकू यायचा. बाईंच्या टेबलाचं टोक तिच्या खुर्चीला लागून होतं. सहा वर्षं दोघी एकाच टोकाला डबा उघडून बसल्या. बाई कमी बोलायच्या, काजू दोघींच्या वाटणीचं बोलायची, त्यामुळे जमलं. बाईंच्या मुलीची परीक्षा असली की निकालाची काळजी काजूला जास्त.

शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस म्हणजे कारखान्यात मान वर करायला फुरसत नसते. त्या दिवसांत काजू बदलायला लागली. आधी नुसती जास्त हसरी झाली. मग सगळ्यांच्या आधी येऊन जिन्यावर बसून राहू लागली. मग तिनं बटणांचे सगळे डबे ओतून रंगाप्रमाणे लावले, दुसऱ्या दिवशी आकाराप्रमाणे, तिसऱ्या दिवशी, ती म्हणाली, स्वभावाप्रमाणे. बायका हसल्या. बाईंचं यंत्र मात्र रेघेवर जागच्या जागी थांबलं.

ज्याचं जळतं त्याला कळतं. बाईंना तिसऱ्याच दिवशी कळलं होतं, डोळ्यांतल्या चमकेवरूनच. काय करायचं तेही कळत होतं. तिला बाजूला घ्यायचं, भावाला निरोप धाडायचा, डॉक्टरांचं नाव सांगायचं. वेळेवर गोळी पडली तर हे पुराचं पाणी उंबऱ्याशीच थांबतं, हे त्या कारखान्यात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मग काजूनं विचारलं असतं, तुम्हाला कसं ठाऊक? आणि त्या अवस्थेत माणसाच्या पोटात काही राहत नाही.

बाई एवढंच म्हणाल्या, "काजू, जरा झोपत जा गं."

"झोपून काय होतं, बाई?" काजू म्हणाली. "मला आता सगळं दिसायला लागलंय."

त्या दुपारपासून बाई डबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उघडायला लागल्या. सांगायला कारण होतं, तिकडं वारा येतो.

चार दिवसांनी दोनशे पांढरे शर्ट इस्त्रीच्या टेबलावर गेले आणि इस्त्रीवाले काका ओरडले. प्रत्येक शर्टाला सहा बटणं, आणि सहाही वेगळ्या रंगाची. लाल, हिरवं, तपकिरी, एक तर कोटाचं भलंमोठं. काजूनं शांतपणे समजावून सांगितलं की सगळ्या पोरांचे शर्ट सारखे असतात, शाळेत अदलाबदल होते. आता प्रत्येकाला आपापला ओळखता येईल. मालक चिडले तशी ती खुर्चीवर चढली आणि मोठमोठ्यानं रडत बोलू लागली, तुम्हाला पोरांची काहीच कशी पडलेली नाही. भावाला बोलावून आणलं. तो दोन शेजाऱ्यांना घेऊन आला आणि तिला धरून खाली घेऊन गेला. बाई टेबलापाशी उभ्या होत्या. जिन्यावर तिची एक चप्पल राहिली होती, ती उचलून द्यायलासुद्धा त्यांचे पाय हलले नाहीत.

पुढचे दोन दिवस दुसरा विषय नव्हता. इस्त्रीवाले काका म्हणजे कारखान्याचं वर्तमानपत्र. ते म्हणाले, "दुसऱ्यांची बटणं लावता लावता बाईचं स्वतःचंच बटण तुटलं." सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. न हसून कुणाच्या नजरेत यायचं नव्हतं, म्हणून जरा जास्तच हसल्या. पुढं किती गोष्टी विसरल्या, पण तो आपल्याच गळ्यातून निघालेला आवाज त्यांच्या कानातून कधी गेला नाही.

तीन महिन्यांनी काजू परत आली. अंग सुजल्यासारखं जाड झालं होतं, चाल मंदावली होती, आणि कागद धरलेला हात थरथरत होता. बाईंनी ती थरथर हॉलच्या या टोकावरून ओळखली. कागद डॉक्टरांचा होता. तब्येत ठीक आहे, पूर्वीचं काम करायला हरकत नाही, असं त्यावर लिहिलेलं. मालकांनी तो घेतला, तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांना स्वतः ठरवायचं नव्हतं, इतकंच. काचेपलीकडे काजू हात मांडीवर ठेवून बसलेली दिसत होती.

"बाई, तुम्ही सगळ्यांत जुन्या," ते म्हणाले. "तुमचा शब्द सगळ्या मानतात. डॉक्टर म्हणतात चालेल. पण इथं कात्र्या आहेत, तुमचं ते पात्याचं यंत्र आहे. उद्या काही झालं तर? तुम्ही हो म्हणत असाल तर मी घेतो."

बाई खरोखरच कात्रीत सापडल्या. उत्तर त्यांना पाठ होतं. गेली तेरा वर्षं ते पातं याच आजाराच्या हातात होतं आणि त्यानं कुणाचा केसही कापला नव्हता. पण हे तोंडातून काढायचं तर पुढचं सगळं काढावं लागणार. नुसतं 'घ्या तिला, काही होत नाही' असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेही त्यांनी मनात घोळवून पाहिलं. पण चोराच्या मनात चांदणं. काजूची बाजू घेतली की आपल्या हाताकडे कुणीतरी निरखून बघेल, आत्याचा हिशेब मांडेल, असं त्यांना वाटलं.

"उगाच जोखीम कशाला," बाई म्हणाल्या. "बायका घाबरतात."

बायका घाबरतात असं एकाही बाईनं म्हटलेलं नव्हतं.

मालकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. बाहेर जाऊन त्यांनी काजूला सांगितलं की सगळ्यांचं म्हणणं पडलं, आत्ता नको, नंतर बघू. काजूनं मान हलवली. भांडली नाही. खिडकीपाशी तिची उशी होती खुर्चीवर घालायची, आणि जुना डबा. ते घ्यायला ती आली. बाई फर्म्यावर वाकून होत्या. ती शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा वर बघावंच लागलं.

"बाई, तुम्ही आत गेलात ना, तेव्हा मला वाटलं, झालं आपलं काम," काजू हळू आवाजात म्हणाली. मग आणखी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं, "मागच्या महिन्यात दवाखान्यात मी तुमच्या मागच्याच बाकावर बसले होते. हाक मारणार होते. पण तुम्ही डोक्याला रुमाल गुंडाळून बसला होतात, म्हटलं, नको. मी कुणाला बोलले नाही हं. बोलणारही नाही. काळजी करू नका."

उशी काखेत धरून ती जिना उतरली. बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं माणसं म्हणतात, ते त्यांना त्या दिवशी कळलं. आणि त्यांच्या मनात पहिला विचार कुठला आला? की चला, ती बोलणार नाही. दुसऱ्या क्षणी त्या विचाराचीच त्यांना किळस आली. पण पहिला तो पहिलाच.

घरी त्यांनी मिस्टरांना सांगितलं. मिस्टर म्हणाले, "झालं ते झालं. तू तरी काय करणार होतीस?"

"हो म्हणणार होते," बाई म्हणाल्या. "एक शब्द होता, अहो."

त्यानंतर अकरा महिने बाईंनी काहीही केलं नाही. हे सांगायलाच हवं, नाहीतर वाटेल की दुसऱ्याच दिवशी त्या पेटून उठल्या. तसं झालं नाही. खिडकीपाशी नवी बाई आली. ती कामाला बरी होती आणि गप्प असायची. दोनदा बाई काजूच्या भावाच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरल्या. दवाखान्याची वेळ त्यांनी सकाळची बदलून संध्याकाळची करून घेतली, समोरासमोर येऊ नये म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? त्या म्हणाल्या, नाही. खरं तर मनात सारखं तेच दळण चाललेलं असायचं, पण त्यावर गोळी नव्हती.

मग एक छापील कागद आला. मालकांच्या कुणा मित्रानं त्यांना सल्ला दिला होता की असा प्रकार पुन्हा नको असेल तर कामगारांकडून माहिती लिहून घ्या. नाव, पत्ता, रक्तगट, आणि सगळ्यांत खाली: मानसिक आजार आहे किंवा पूर्वी होता काय? हो, नाही. जेवणाच्या सुट्टीत कागद वाटले. बायकांनी फटाफट 'नाही'वर खूण केली. इस्त्रीवाले काका म्हणाले, "हे काजूचं प्रकरण आहे बरं का. ज्यांनी हो लिहायचं ती माणसं हो लिहीत नसतात. कुठला शहाणा वेडा असं लिहून देईल?"

बाईंनी पेन हातात घेतलं होतं. 'नाही'वर खूण करायला ते टेकलंही होतं. एकदा मनात आलंही, इतकी वर्षं गेली तशी आणखी एक रेघ. पण हात नेहमीसारखा थरथरला, खूण चौकटीच्या बाहेर गेली, आणि त्या वाकड्या रेघेकडे बघता बघता त्यांना अचानक सगळ्याचा कंटाळा आला. धैर्य वगैरे नंतर लोकांनी म्हटलं. बाईंच्या मते तो कंटाळाच होता.

"काका, मी हो लिहितेय," त्या म्हणाल्या.

काकांना वाटलं, थट्टा.

"मला तोच आजार आहे जो काजूला आहे. चौदा वर्षं झाली. तिच्याच डॉक्टरांकडे जाते. दोन महिने इस्पितळात होते. हा हात रक्तानं नाही थरथरत, गोळ्यांनी थरथरतो."

हॉलमध्ये एका यंत्राची मोटर चालू राहिली होती, तेवढाच आवाज. एक बाई चाचरत म्हणाली, "मग आत्या?"

"आत्या नाही. कधीच नव्हती."

कुणीतरी हसू दाबलं, आणि बाईंना ते चाललं. हसण्यासारखंच होतं ते. पण त्या थांबल्या नाहीत, कारण सगळ्यांत जड ते अजून आतच होतं. त्या म्हणाल्या, "काजूला परत घ्यायचं की नाही, हे मालकांनी मला विचारलं होतं. मीच नको म्हटलं. तुम्ही घाबरता असं सांगितलं. तुमच्यापैकी कुणी तसं म्हटलं नव्हतं. मला माझी लाज झाकायची होती."

एवढं बोलून त्यांनी कागदावर 'हो' लिहिलं आणि केबिनमध्ये नेऊन दिला.

मालकांनी कागद दोनदा वाचला. शेवटी ते म्हणाले की काही दिवस यंत्र दुसऱ्याकडे देऊ, तुम्ही घड्या घालायला बसा. गैरसमज करून घेऊ नका. बाई घड्या घालायला बसल्या. दोन-तीन दिवस त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. इस्त्रीवाले काका पाण्याच्या माठापाशी त्या असल्या की लांबूनच वळायचे. एकीनं येऊन विचारलं, "तुम्हाला आवाज ऐकू येतात का हो?" बाई म्हणाल्या, "काकांचा येतो." ती हसली आणि बसली.

बदली मास्टरनं पाचव्या दिवशी साठ शर्टांच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. मालकांनी डोक्याला हात लावला. आठव्या दिवशी बाई पुन्हा टेबलावर होत्या. मालकांना काही साक्षात्कार झाला होता असं नाही. दोन्ही हात डावे असलेली पोरं त्यांना कुठून मिळणार होती? पण मिळालं ते मिळालं. कारखान्यात तोवर कुणाच्या तरी घटस्फोटाचा विषय निघाला होता. चौदा वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलेलं गुपित आठ दिवसांत शिळं झालं.

हेच बाईंना सगळ्यांत जास्त लागलं. एवढंच होतं? आठ दिवसांच्या घड्या आणि थोडी तिरकी नजर? हे तेव्हाच करता आलं असतं, केबिनमध्ये, काचेपलीकडे ती बसलेली असताना. घरी येऊन त्या मिस्टरांपुढं पहिल्यांदा रडल्या. मिस्टर घाबरले, त्यांना वाटलं आजार उलटला. "आजार नाही हो," बाई म्हणाल्या. "हे नुसतं रडू आहे." लेक तोवर कॉलेजात होती. तिला त्यांनी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला दहावीतच कळलं होतं. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचलं होतं मी. तुम्ही दोघं इतकं मनापासून आत्या आत्या करायचात, म्हणून बोलले नाही."

मग बाईंनी मालकांना गाठलं आणि काजूला परत घ्यायला लावलं. ते फार ताणून न धरता हो म्हणाले. त्या रविवारी बाई गल्लीच्या तोंडाशी न थांबता आत गेल्या.

दार भावानं उघडलं. त्याला त्या कोण ते माहीत होतं. त्यानं आत बोट दाखवलं. मागच्या खोलीत काजू उशांचे अभ्रे शिवत होती. एका दुकानाचं काम घरी आणायची. खोली नीट होती, खिडकी उघडी होती. तिच्या अंगाची सूज उतरली होती, पण जुनी काजू काही दिसली नाही. ती बसा म्हणाली आणि गप्प झाली. सहा वर्षांत बाईंनी तिला इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी सगळं सांगितलं. कागद, घड्या, बाह्या. बाह्यांचं ऐकून ती जरा हसली. मग बाई म्हणाल्या, "काजू, माझं चुकलं. मी भ्याले."

"मला तेव्हाच कळलं होतं ते," काजू म्हणाली. "मीही भ्याले असते कदाचित." ती अभ्र्याची कड दुमडत राहिली. "पण बाई, तुमच्याबद्दल मला विचारलं असतं ना, तर मी तसं म्हटलं नसतं."

थोड्या वेळानं बाईंनी मालकांचा निरोप सांगितला. उद्यापासून ये, नव्या बाईला दुसरं काम देऊ, तुझं यंत्र तुझंच आहे.

काजूनं नकारार्थी मान हलवली. "माझी खुर्ची खिडकीकडे तोंड करून असते. पाठ तुमच्या टेबलाकडे. दिवसभर पाठीमागे तुम्ही असणार. मला नाही जमायचं ते." तिच्या आवाजात राग नव्हता. कापडाचं माप सांगावं तसं तिनं सांगितलं. मग चहा करू का म्हणून विचारलं, बाई हो म्हणाल्या, आणि दोघींनी तो प्यायला. दोघींच्याही बशा किणकिणत होत्या.

बाई त्यानंतर दोन-तीनदा जाऊन आल्या. काजू दरवेळी बसा म्हणाली, पण आपणहून कधी आली नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. बाई अजून कापतात. मालकांनी तो छापील कागद पुढं कधी वापरला नाही. कारखान्यात नवी बाई लागली की पहिल्या महिन्यात कधीतरी मास्टरबाई तिला आपला आजार सांगतात, गोळ्या सांगतात, काही वाटलं तर माझ्याकडे ये म्हणतात. दोघी-तिघी आल्याही. एकीला त्या स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तिची नोकरी टिकली. हे सांगताना केबिनमध्ये आपण काय बोललो तेही त्या सांगतात. मिस्टर म्हणतात, ते कशाला सांगतेस, बाकीचं पुरे आहे. बाई ऐकत नाहीत.

काजूच्या भावानं मध्यंतरी घर बदललं. नवा पत्ता गल्लीत कुणाला ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते सांगणार नाहीत, आणि सांगूही नये, हे बाईंना इतरांपेक्षा जास्त कळतं. इस्त्रीवाल्या काकांना तो भाऊ एकदा बाजारात दिसला होता म्हणे. दोघं थांबले, इकडचं तिकडचं बोलले. बहीण कशी आहे, हे विचारायचं काकांना सुचलं नाही.